ओहोटीच्या वेळापत्रकावरची शाळा

एडवणच्या बाजूला खाडीकाठी उभं असताना तिसरीतल्या एका मुलीला मी विचारलं होतं, "निवटा कुठे राहतो गं? पाण्यात की जमिनीवर?" माझ्या डोक्यात शाळेतलं कोष्टक होतं. जलचर, भूचर, उभयचर असे तीन रकाने. ती म्हणाली, "चिखलात." आणि बोटाने दाखवलं.

तिच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. तिवराच्या मुळांमधल्या ओल्या, राखाडी गाळावर करंगळीएवढे तीन निवटे पुढच्या परांवर रेलून बसले होते. डोळे डोक्याच्या अगदी माथ्यावर. मधूनच एखादा डोळा आत ओढला जाई आणि ओला होऊन पुन्हा वर येई. आमची सावली पडली तसे शेपटीच्या एका झटक्यात तिघेही बिळापाशी पोचले. निवटा हा मासाच. कल्ल्यांच्या पोकळीत तो पाणी धरून ठेवतो, आणि कातडी व तोंडाचं अस्तर ओलं असेपर्यंत हवेतूनही श्वास घेऊ शकतो. आम्ही कोष्टकात जे रकाने आखले होते, त्यांपैकी एकातही तो नीट बसत नव्हता. त्या मुलीच्या एका शब्दात मात्र तो पुरता बसला होता.

ही पुस्तिका त्या एका शब्दामुळे लिहिली गेली आहे. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी वन्यजीव आणि पर्यावरण यांवरचे उपक्रम तिच्यात आहेत, आणि ते पालघर तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या शाळांना समोर ठेवून बेतलेले आहेत. प्रस्तावना लांबली आहे याची मला जाणीव आहे. पण उपक्रम कसे करायचे हे पुढच्या पानांवर आहेच. ते असेच का, हे इथे सांगायला हवं.

'वन्यजीव' म्हटलं की आपल्या शाळांमध्ये भिंतीवर वाघ येतो. त्याच्याशेजारी सिंह, हत्ती, कधी कधी आपल्या देशात नसलेला जिराफही. वाघाबद्दल मुलांना कळायलाच हवं. वारली घरांत तर वाघदेव पूजेतच आहे. पण सात वर्षांच्या मुलाला 'वन्य' म्हणजे लांबचं, तिकीट काढून बघायचं असं काहीतरी, ही समजूत त्या तक्त्यामुळे पक्की होते. आणि मग शाळेच्या कुंपणापलीकडे जे चालू असतं त्याला नावच उरत नाही. सफाळ्याहून पश्चिमेला निघालं की भातशेती, मग खाजण, मग माडांच्या आणि केळींच्या वाड्या, मग सुरूची रांग आणि समुद्र. दक्षिणेला दातिवऱ्यापाशी वैतरणा समुद्राला मिळते, पलीकडे अर्नाळा दिसतो. उत्तरेला केळवे, माहीम, सातपाटी. त्याही वर बोईसर आणि तारापूर. आशापुरी देवीमुळे एडवणचं नाव लांबलांबच्या घरांत घेतलं जातं. इथल्या मुलांना पायी जाता येईल अशा अंतरात वाळू, गाळ, तिवर, शेत आणि वाडी अशी पाच वेगवेगळी जगं आहेत. एवढी श्रीमंती शहरातल्या कुठल्याही महागड्या शाळेकडे नाही.

शिवाय ही मुलं रिकाम्या हाताने शाळेत येत नाहीत. मांगेल्यांच्या घरातलं मूल बोंबील वलांडीवर कधी घालायचे आणि पाऊस दिसला की कसे आवरायचे हे पाहत मोठं होतं. वाडवळ घरातल्या मुलाला पानवेलीवरचा रोग ओळखता येतो. वारली पाड्यावरचं मूल कोणती रानभाजी पहिल्या पावसाची आणि कोणती नंतरची हे सांगतं. एखाद्याचा बाप तारापूरच्या कारखान्यात पाळी करून येतो आणि नाल्याच्या पाण्याचा रंग कधी बदलतो ते घरी बोलतो. हे सगळं ज्ञान दप्तरात मावत नाही म्हणून वर्गाबाहेर राहतं. वर्गात आत येतं ते पुस्तकातलं, प्रमाणभाषेतलं, परीक्षेला विचारलं जाणारं. माझं म्हणणं एवढंच आहे की प्राथमिक शाळेतलं पर्यावरण शिक्षण घरच्या शब्दापासून सुरू झालं पाहिजे. मुलाच्या घरात प्राण्याचं जे नाव आहे ते वहीत पहिलं. पुस्तकातलं नाव दुसरं.

हा विचार मी शोधलेला नाही. तो याच जिल्ह्यात, इथून दोन-तीन तासांच्या अंतरावर, फार आधी करून दाखवला गेला आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. बालशिक्षणाची महागडी साधनं परदेशी पद्धतीची होती, ती गावात परवडणारी नव्हती. तेव्हा या दोघींनी आजूबाजूला पडलेल्या वस्तू उचलल्या: शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या. मोजायला चिंचोके, लहान-मोठं लावायला शिंपले. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरं राखायला जातात, हे लक्षात आल्यावर शाळाच कुरणात गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. गुरं चरतायत, झाडाखाली मुलं बसलीत आणि बाई शिकवतायत. आज देशभर गावोगाव ज्या अंगणवाड्या दिसतात, त्या नावामागे आणि कल्पनेमागे कोसबादचं हेच काम आहे.

कुरणशाळेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेळापत्रकाची आहे. मुलांचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं गेलं, आणि घंटा त्यानुसार लावली गेली. किनाऱ्यावरच्या शाळेला हेच करावं लागतं, फक्त तिथे गुरांच्या जागी ओहोटी असते.

यात मी स्वतः एक चूक केली आहे, ती सांगतो. एका शाळेतली चाळीस मुलं घेऊन भर दुपारी, बाराच्या ओहोटीला म्हणून आम्ही किनाऱ्यावर गेलो. पाणी जेमतेम मागे सरलं होतं. खडक उघडे पडले नव्हते, वाळूची अरुंद पट्टी तेवढी ओली दिसत होती. मुलं उन्हात तापली आणि आम्ही परत फिरलो. वाटेत जाळं शिवत बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, "आज तिथी काय?" अष्टमी होती. अष्टमीला भांग असतो. भरती फार चढत नाही आणि ओहोटीही फार उतरत नाही. हे त्या चाळीस मुलांपैकी निदान दहा जणांच्या घरी माहीत असणार. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

मग त्या आजोबांकडूनच हिशेब शिकलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण मुलांना घेऊन निघायला हा हिशेब पुरतो. एके काळी आपल्या शाळांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेत. पाऊणकीचा असा जिवंत उपयोग मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकवायचे असतातच. भिंतीवर दिनदर्शिका असते. रोज सकाळी एका मुलाने फळ्याच्या कोपऱ्यात तिथी, भरती आणि ओहोटी लिहायची, हा या पुस्तिकेतला पहिला उपक्रम आहे. वर्षभर न चुकता करण्याचा एकमेव उपक्रमही तोच.

या हिशेबातूनच फेरीचा दिवस निघतो. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण जोरात असतं, म्हणजे ओहोटीही खूप आत जाते. तृतीयेला ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास येते. शनिवारी शाळा सकाळची असते, आणि २०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहे. शुद्ध किंवा वद्य द्वितीया ते चतुर्थीच्या दरम्यान शनिवार आला की त्या दिवशी वर्ग किनाऱ्यावर भरवावा. वर्षाच्या सुरुवातीलाच असे शनिवार शोधून त्यांवर लाल खूण करून ठेवा.

किनाऱ्यावर गेल्यावर काय करायचं? माझं उत्तर आहे, बसायचं. पहिल्या फेरीत काही गोळा करायचं नाही, फार चालायचंही नाही. ओल्या वाळूवर उकिडवं बसायचं आणि दहा मिनिटं हलायचं नाही. आधी काहीच दिसत नाही. मग वाळूला बारीक भोक पडतं आणि मटाराएवढा एक खेकडा बाहेर येतो. वाळू दोन्ही नांग्यांनी तोंडाकडे नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं चाटूनपुसून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. एक गोळी, दुसरी, तिसरी. बिळापासून सरळ रेषेत थोडा पुढे जातो, मागे येतो, दिशा बदलून पुन्हा निघतो. पाऊण तासात बिळाभोवती सूर्यकिरणांसारखी गोळ्यांची रांगोळी तयार झालेली असते. दुसरीतली मुलं एका बिळाभोवतीच्या गोळ्या मोजायला लागली की शंभरच्या पुढे जातात आणि अडतात, मग दहा-दहाचे गट करतात. बाईंनी सांगावं लागत नाही. भरती आली की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला तो खेकडा नव्याने सुरुवात करतो. मुलांना हे कळतं तेव्हा ती बराच वेळ गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

गाळावर दुसरा एक खेकडा भेटतो, ज्याची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते. तो नर. ती नांगी वर-खाली हलवून तो माद्यांना बोलावतो आणि दुसऱ्या नरांना दटावतो. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, म्हणून ती दोन्ही हातांनी खाते आणि नराला एकाच हाताने खावं लागतं. हे सांगू नका. मुलांना चित्र काढायला लावा. चित्र काढताना कुणीतरी विचारतंच, "बाई, याची एकच मोठी कशी?"

तिवरांबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण आपल्याकडे अजून अनेक घरांत तिवर म्हणजे सरपण किंवा मोकळी करून घ्यायची जागा. मुलांना तिवराचं पान हातात द्या आणि खालच्या बाजूला जीभ लावायला सांगा. खारट लागतं. झाड खाऱ्या पाण्यात उभं आहे, आत आलेलं मीठ ते पानांतून बाहेर टाकतं. कोरड्या दिवशी पानावर मिठाचे कणही दिसतात. मग जमिनीतून वर आलेली पेन्सिलीसारखी मुळं दाखवा. गाळात हवा नाही, म्हणून मुळं श्वास घ्यायला वर आली आहेत. एक मीटर लांब सुतळीचा चौकोन करून त्यातली मुळं मोजायची. त्यात किती खुबे, किती चिंबोऱ्यांची बिळं, किती प्लास्टिक, तेही. वादळात काठ कोण धरून ठेवतं, कोलंबीची आणि माशांची पिल्लं कुठे वाढतात, हे प्रश्न त्या चौकोनातूनच निघतात. तिवरांचं हे मोल मानायला मोठ्यांनीही वेळ लावला. राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ मध्ये सुरू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं की कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावर आघात आहे. २०२० मध्ये पांढरी चिपी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरला. आपल्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी धूप थांबवायला दगडांचे बंधारे घालावे लागले आहेत, ते मुलांना रोज दिसतात. दगडाचा बंधारा आणि तिवराचा बंधारा यांत फरक काय, असा एक पूर्ण तास पुस्तिकेत आहे. माझं मत मी लपवत नाही: जिथे तिवर उभे आहेत तिथे ते राहिलेच पाहिजेत.

मासळीबाजार हा तर तयार वर्ग आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरंगा, म्हणजे रुपेरी पापलेट, हा राज्यमासा म्हणून जाहीर झाला. या मासळीसाठी नावाजलेलं सातपाटी बंदर आपल्या शेजारचं. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. सरंग्यासाठी तो आकार १३५ मिलिमीटर आहे. कंपासपेटीतली पट्टी १५ सेंटिमीटरची असते, म्हणजे तिच्या टोकापासून दीड सेंटिमीटर अलीकडे एक खूण केली की झालं. मुलांनी ही पट्टी घेऊन घरी आलेली मासळी मोजायची आणि लिहायची. इथे शिक्षकांना हात जोडून एक विनंती आहे. मोजलेलं कुणाच्या घराविरुद्ध वापरू नका. ज्या घरात लहान मासा आला त्या घरातल्या मुलाला वर्गात मान खाली घालायला लागली, तर उपक्रम फुकट गेला. लहान मासा जाळ्यात का येतो, जाळ्याची भोकं किती बारीक झाली, मोठ्या बोटी कुठून येतात, हे त्या मुलाच्या बापालाच शाळेत बोलावून विचारा. १ जून ते ३१ जुलै बोटी बंद का असतात, हेही त्यांच्याच तोंडून ऐकावं.

पाखरांची पानं पुस्तिकेत कमी आहेत. लहान मुलांना दुर्बिणीशिवाय ओळखता येतील तेवढीच ठेवली: बगळा, खंड्या, घार, कुरव, चिखल्या, सुगरण. चिखल्या हा छोटासा पक्षी ओल्या वाळूवर धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. आपल्याकडे हिवाळ्यात दिसणाऱ्या चिखल्यांपैकी काही लडाख-तिबेटच्या पठाराकडून येतात. नकाशावर दोरा लावून ते अंतर मोजायला मुलांना आवडतं. सुगरणीची घरटी पावसाळ्यात शिंदीवर आणि माडावर लोंबायला लागतात. बहिणाबाईंचा खोपा पाठ असलेल्या मुलांना तो विणतो नर, हे ऐकून नवल वाटतं. नर अर्धं घरटं विणून थांबतो, मादी येऊन पाहते, पसंत पडलं तर पुढचं काम होतं. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरणीचं हे सगळं वागणं १९३० च्या सुमारास आपल्याच कोकण किनाऱ्यावर, किहीमला, शिडी लावून तासन्‌तास बसून टिपलं. शाळेच्या आवारात घरटी असतील तर अर्धवट सोडलेली किती आणि पुरी झालेली किती, ही नोंद तिसरीचा वर्ग सहज ठेवू शकतो.

आता जे उपक्रम मी मुद्दाम घेतले नाहीत त्यांच्याविषयी. ५ जूनचं वृक्षारोपण यात नाही. त्या दिवशी आपल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. मुलं घरी, आणि रोप लावतात मोठी माणसं. त्यापेक्षा प्रत्येक मुलाने आधीच उभं असलेलं एक झाड निवडावं, नारळी पौर्णिमेपासून होळीपर्यंत दर पंधरवड्याला त्याला भेटावं आणि काय बदललं ते लिहावं. किनारा सफाईही मी वेगळ्या रीतीने ठेवली आहे. नुसता कचरा उचलायला लावला की मुलांच्या मनात किनाऱ्याविषयी किळस तेवढी राहते. उचललेलं आधी पसरा आणि वेगळं करा: जाळ्याचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, औषधांची पाकिटं, नदीतून आलेलं, गावातून आलेलं. वाहून आलेलं शेवाळ आणि सुरूची पानं मात्र कचऱ्यात धरू नका, त्यांच्याखाली जीव असतात.

बरणीत प्राणी आणणं पूर्णपणे बंद. मी एका वर्गात खिडकीत ठेवलेल्या बरणीतले पाच खेकडे दुसऱ्या दिवशी मेलेले पाहिले आहेत, आणि ते कुणी टाकायचे यावरून रडणारी मुलंही. उलटवलेला दगड होता तसाच ठेवायचा. रिकामे शंखही मूठभर आणायचे नाहीत, कारण शंखात राहणाऱ्या खेकड्याला वाढता वाढता मोठं घर लागतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर थकलेलं किंवा जखमी कासव सापडलं, तर त्याला पाण्यात ढकलायचं नाही. मोठ्यांना बोलवायचं आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. डहाणूला अशा कासवांसाठी शुश्रूषा केंद्र आहे. जाळं कापून कासव किंवा डॉल्फिन सोडणाऱ्या मच्छीमाराला राज्य सरकार २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं, हे मुलांनी घरी जाऊन सांगावं. काही घरांत ते पहिल्यांदाच कळेल.

शेवटी कामाच्या काही गोष्टी. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि त्यांतलं निदान एक गावातलं, किनारा ओळखणारं. गाळ कुठे पाय ओढतो ते त्यालाच ठाऊक असतं. पाणी फिरायच्या अर्धा तास आधी सगळी मुलं वर आलेली हवीत. पारदर्शक, लिबलिबीत काहीही दिसलं तर हात लावायचा नाही. आणि मुलांना शिसपेन्सिलच द्या. ओल्या हातांत पेनाची शाई फुटते, पान खराब होतं आणि मूल लिहायचं थांबवतं. पुस्तिकेची शेवटची बारा पानं कोरी आहेत. वर तीनच रकाने आखले आहेत: आमच्या घरी काय म्हणतात, कुठे पाहिलं, कुणी दाखवलं.